पितळी कोपऱ्यातला तडा

कारखान्यात तिला सगळे आरसेबाई म्हणत. धातूचा तुकडा कितीही खरबरीत येऊ दे, तिच्या हाताखालून गेला की त्यात तोंड दिसायचं. नवीन लागलेली माणसं तर त्या तुकड्यात बघून खरोखरच भांग सारखा करायची, आणि ती त्यांच्या हातावर चापट मारायची. "बोट लावू नका. तुमच्या बोटाचा घामसुद्धा खातो त्याला."

पण आरसा हे तिचं निम्मंच काम. खरं काम त्याच्या पुढचं. गुळगुळीत पितळ मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर काहीच दिसत नाही, नुसता पिवळा उजेड. त्याच्यावर योग्य ते द्रावण काही क्षण चढवलं, की ते कुठे जास्त खातं, कुठे कमी, आणि मग धातूच्या आतले कण उठून दिसू लागतात. एकाला एक चिकटलेले, कुणी फिके, कुणी गडद. कण कसे आहेत त्यावरून कळतं, हा तुकडा ठोकला, ओढला, वाकवला की तापवला. "माणूस खोटं बोलेल," ती म्हणायची, "पण पितळाला ती अक्कल नाही."

ती लॅबमध्ये लागली तेव्हा काचेची भांडी धुवायची. आई लवकर गेली होती, वडील ओतशाळेत होते, आणि घरात चार वर्षांचा भाऊ. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आजारपणात उशाशी बसली. भांडी धुता धुता बघून बघून ती काम शिकली, मग कारखान्यानेच तिला शिकायला पाठवलं. तिचं लग्न झालं ते एका शिंप्याशी. लग्नाआधी तिने एकच अट घातली होती, की धाकटा माझ्याबरोबर येईल. शिंपी म्हणाला, "येऊ दे की. गुंड्या लावायला कुणीतरी हवंच." धाकटा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तो मागच्याच गल्लीत राहायला गेला. कारखान्यात त्याला तिनेच चिकटवला होता, भट्टीवर. "माझा भाऊ आहे, माझा शब्द," असं सांगून.

त्या दिवशी सकाळी ती नुकती एप्रन चढवत होती, तेवढ्यात लॅबच्या दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, हातात गॉझमध्ये गुंडाळलेलं काहीतरी.

"मी मोठ्या हॉस्पिटलचा फिटर," तो म्हणाला. "हे तुमच्याकडचं आहे."

त्याने गॉझ उलगडला. आत अंगठ्याएवढा पितळी कोपरा होता. नळी वाकवून केलेला, ऑक्सिजनच्या लाईनला भिंतीआड बसवतात तसा. वाकणाच्या बाहेरच्या बाजूला केसासारखा बारीक तडा. उजेडात धरल्याशिवाय दिसलाही नसता.

लॅबच्या प्रमुख मॅडम तोवर आल्या होत्या. वयाने आरसेबाईपेक्षा बऱ्याच लहान, पण धातूंचं शिक्षण पक्कं, आणि बोलणं सरळ. त्यांनी फिटरला बसायला स्टूल दिलं. "काय झालं ते सांगा. पहिल्यापासून."

झालं होतं ते असं. वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या मास्तरांच्या मास्कमधला ऑक्सिजन हळूहळू मंदावत गेला. नर्सला आधी वाटलं, म्हाताऱ्याने नळीच दाबून धरलीय. मग भिंतीला कान लावला तर आत सूं आवाज. सगळ्या पेशंटना धावपळ करून सिलिंडरवर घेतलं. मास्तर अजून शुद्धीवर आले नव्हते.

"ह्याच मालाचे कोपरे आणखी कुठे बसवलेत?" मॅडमनी विचारलं.

फिटर म्हणाला, "सगळ्या नव्या इमारतीत. खालच्या मजल्यावर, तान्ह्या बाळांची काचेची खोली आहे ना, तिथेही."

मॅडमनी वही ओढून तेवढं टिपून घेतलं. फिटर पुढे सांगू लागला.

"डॉक्टर म्हणतात, बाळांना उगाच सिलिंडरवर हलवायचं नाही. त्यातही जोखीम आहे. कारण कळलं तर ठरवता येईल. त्या एकाच भिंतीचा प्रश्न असेल तर एकच वॉर्ड बंद. कोपरेच वाईट असतील तर सगळंच." मग खाली बघत तो म्हणाला, "आणि एक सांगायला हवं. त्या वॉर्डात भिंती पुसायला नवीन निळं औषध आलंय. फार उग्र वास येतो, डोळ्यांतून पाणी काढतं. तपासणी होणार होती म्हणून मीच सांगितलं होतं, भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळांच्या तबकड्यांवर भरपूर मारा, चकाचक दिसल्या पाहिजेत."

मॅडमनी आरसेबाईकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी काढणारा वास म्हणजे अमोनिया, तबकडीच्या फटीतून भिंतीआड शिरणारा. आणि अमोनिया म्हणजे पितळाचा जुना वैरी. पण धडधाकट पितळाला तो सहसा एवढं करत नाही. आत ताण कोंडलेला असेल तरच त्याचं फावतं. नळी वाकवली की ताण भरतो. तो जावा म्हणून कोपरे भट्टीत तापवायचे असतात. ह्या मालाच्या वेळी भट्टीवर होता धाकटा.

आरसेबाईने कोपरा उचलला आणि कामाला लागली.

तड्याचं टोक हे सगळ्यांत महत्त्वाचं. सुरुवात कुठेही कशीही झालेली असो, टोकाशी तडा ताजा असतो, तो कसा गेला ते तिथे पुसलेलं नसतं. आणि टोक होतं एकच. तिने यंत्राच्या कटरला हात लावला नाही. कटर तापतो, आणि तापलं की आतलं खरं बदलतं. सोनाराची करवत घेतली, पाणी टाकत टाकत, श्वास रोखून कापलं. अर्धा भाग फिटरच्या गॉझमध्ये परत बांधून दिला. अर्ध्यातला तुकडा साच्यात ठेवून वर राळ ओतली. राळ घट्ट होईपर्यंत काही करता येत नाही, नुसतं बसायचं.

फिटर स्टुलावरून हलला नव्हता. त्याला चहा दिला, तो तसाच निवला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "औषधाने झालं असेल तर माझ्यावर येईल, नाही का?"

"अजून काही दिसलेलं नाही."

"मला बघा, वाटतंय, कोपराच वाईट निघू दे. मग वाटतं, असं कसं म्हणू? मग बाळांच्या खोलीचं काय?"

तिला त्याच्याकडे बघवेना. तिच्या मनात नेमकं उलटं चाललं होतं. औषधच निघू दे. कोपरा चांगला निघू दे.

राळ घट्ट झाली. मग एकामागून एक कागद, जाड दाण्यापासून बारीक दाण्यापर्यंत. दर कागदाला तुकडा आडवा फिरवायचा, आधीचे ओरखडे गेले की पुढचा. शेवटी मखमली कापडावर पांढरी लापशीसारखी पूड. तुकड्यात तिला आपला डोळा दिसू लागला.

द्रावण न चढवताच तिने आधी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तडा स्वच्छ दिसत होता, झाडाच्या मुळीसारखा फाटे फुटलेला. मॅडमनीही पाहिलं, फोटो घेतला. "आता कण उठवा."

आरसेबाईचा हात सवयीने फडताळाकडे गेला. पितळासाठी ह्या लॅबमध्ये एकच ठरलेलं होतं. तिने बाटली काढली, वाटीत ओतलं, चिमट्यात तुकडा धरला.

"बाई, थांबा!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "त्यात अमोनिया आहे."

चिमटा वाटीवर तसाच थांबला. आरसेबाईने तो मागे घेतला. प्रश्नच अमोनियाचा, आणि ती त्याच तुकड्याला अमोनियात बुडवायला निघाली होती. उद्या कुणीही म्हणालं असतं, हा तडा तुम्हीच वाढवलात, तुमच्याच लॅबमध्ये. इतक्या वर्षांत तिच्याकडून असं झालं नव्हतं.

"माझं लक्ष नाही आज," ती म्हणाली.

मॅडमनी आवाज खाली आणला. "मला माहीत आहे भट्टीवर कोण होतं ते. तुम्हाला नको असेल तर मी करते."

"तुमच्यापेक्षा माझा हात हलका आहे."

"ते खरंय," मॅडम म्हणाल्या, आणि फेरिक क्लोराइडची बाटली स्वतः काढून दिली.

फेरिक क्लोराइड तांबूस पिवळं, दिसायला कोऱ्या चहासारखं, पण धातू खायला भलतं चपळ. तिने तुकडा बुडवला, आणि तेवढ्यात दार उघडलं. धाकटा. भट्टीवरचा जाड कोट तसाच अंगात, कपाळावर काजळी.

"ताई, खाली म्हणतात हॉस्पिटलचं काहीतरी आलंय."

तिने मान वळवली. क्षणभरच. परत पाहिलं तर तुकडा काळवंडला होता. तिने झटकन पाण्याखाली धरला, पण मायक्रोस्कोपखाली सगळी राखरांगोळी. खड्डे आणि काजळ, कण कुठले नि काय कुठलं.

"बाहेर हो," ती भावाला म्हणाली. असं ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

पुन्हा कागद, पुन्हा मखमल. दर वेळी धातूचा एक पदर जातो, आणि तड्याचं टोक फार खोल नव्हतं. आणखी एकदा बिघडलं तर टोकच झिजून जाणार. तिने द्रावण पातळ केलं. खिडकी लावून घेतली. कापसाचा बोळा भिजवून तुकड्यावरून अलगद फिरवला, बाळाचं तोंड पुसावं तसा. चकाकी जाऊन मंद दुधाळ छटा आली, त्या क्षणाला पाणी. मग स्पिरिट, मग गरम वारा.

फिटरला मॅडमनी फोन करायला बाहेर नेलं होतं. खोलीत ती एकटीच. तिने डोळा लावला आणि चाक फिरवत फिरवत टोकापाशी आली.

तडा कणांच्या सीमेसीमेने गेला होता, शेताच्या बांधाबांधाने जावं तसा. हे अमोनियाचं काम, शंकाच नाही. तिचा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच. कारण आता कण दिसत होते. नीट तापवलेल्या पितळात कण ऐसपैस, चारी बाजूंनी सारखे असतात, आणि त्यांच्यातून सरळ पट्टे गेलेले असतात, पट्टीने आखल्यासारखे. इथले कण ओढलेले होते. पट्टे वाकलेले. आणि वर बारीक बारीक रेघांचं जाळं. वाकवताना पडलेला मार जसाच्या तसा. ह्या कोपऱ्याला आच लागलीच नव्हती.

तिने डोळा काढला, पुसला, परत लावला. तेच.

धाकटा दारातच उभा होता. गेलाच नव्हता.

"ताई, काय दिसलं?"

"तू सांग मला. हे कोपरे तापवले होतेस?"

"तापवले. देवाशपथ."

"हा नाही तापलेला."

तो गप्प झाला. लहानपणी काही फोडलं की व्हायचा तसाच, मिठाची गुळणी धरून. मग भिंतीला टेकला. "भट्टीची मागची कॉइल गेली होती. सुपरवायझरला सांगितलं मी. तो म्हणाला, गाडी दारात उभी आहे, चालव तशीच, पुढच्या आठवड्यात बदलू. मागच्या टोपल्यांतले कोपरे जरा गार लागले हाताला... मला वाटलं, एवढ्या तेवढ्याने काय होतंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस? तुझाच शब्द होता माझ्यासाठी." तो एक पाऊल पुढे आला. "ताई, औषधाने तडा गेलाय ना? तेही खरंच आहे ना? तेवढंच सांग. खोटं नको बोलूस, फक्त तेवढंच सांग. माझं घर आहे, पोरगी आहे."

ह्याच शब्दांनी तिला बांधलं. खोटं नव्हतंच ते. तड्याचा रस्ता औषधाकडेच बोट दाखवत होता. पुन्हा एकदा घासलं असतं, तर टोकही गेलं असतं आणि वाकलेले पट्टेही. 'नमुना बिघडला' एवढंच म्हणायचं होतं. फिटरवर आलं असतं. बाहेरचा माणूस, तिचा कोण लागत होता तो?

धाकट्याच्या हनुवटीवर लहानपणी पडल्याची खूण होती. तिने स्वतः हळद दाबली होती तिथे.

मग तिने मॅडमना हाक मारली. खुर्चीवरून उठली, आणि त्यांना डोळा लावू दिला.

मॅडम उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "दोन्ही," त्या म्हणाल्या.

"दोन्ही," आरसेबाई म्हणाली.

मॅनेजर खबर लागताच वर आले. त्यांनी मायक्रोस्कोपकडे बघितलंही नाही. "तडा अमोनियाने गेलाय, हो की नाही? मग संपलं. ते औषध बंद करा म्हणावं, तो वॉर्ड दुरुस्त करा म्हणावं. बाकी जागी काही झालेलं नाही."

"कोपरा कच्चा आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "बाकीचेही असू शकतात."

"असू शकतात! एका कोपऱ्यावरून? आपल्याकडे त्या मालातले राखून ठेवलेले आहेत ना? ते तपासा उद्या. मग बोलू. आज अर्धवट सांगून हॉस्पिटलात हाहाकार माजवायचा का?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. मॅडम घुटमळल्या. "उद्या सकाळी पहिलं काम तेच..."

"उद्यापर्यंत बाळं श्वास कशाने घेणार?" आरसेबाई म्हणाली.

"बाई, तुमचं काम बघायचं आहे. ठरवायचं नाही."

"बघितलं म्हणून तर बोलते."

"तुमच्या भावाचाच माल आहे तो. विचार केलाय का?"

तिने एप्रनला हात पुसले आणि बाहेर गेली. फिटर जिन्याच्या पायरीवर बसला होता. तिला बघताच ताडकन उठला.

"तुमच्या औषधाने तडा गेला," ती म्हणाली. त्याचे खांदे पडले. "पण आमचा कोपरा कच्चा होता, म्हणून गेला. कुठला कच्चा आणि कुठला पक्का, ते बाहेरून ओळखता येत नाही. सगळे काढा. आधी बाळांच्या खोलीतले."

"लिहून..."

"लिहिणं होईल मागाहून. फोन करा आत्ता. डॉक्टरांना सांगा, तपासणाऱ्या बाईने सांगितलंय."

मागे मॅनेजर दारात आले होते, लालबुंद. ते काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या बाजूने धाकटा पुढे झाला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, कॉइल गेली होती. मागच्या टोपल्या तापल्या नाहीत. मला ठाऊक होतं."

आरसेबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

बाळांना हलवलं त्या संध्याकाळी. फिटरने पुढे सांगितलं, एकेका बाळामागे दोन दोन नर्स, कुणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं. सगळी सुखरूप गेली. काचेच्या खोलीतल्या भिंतीतून कोपरे काढले, त्यांतला एक पाना लावताच त्याच्या हातात मोडून आला. तिथेही कुणीतरी चकाचक करायला ते निळं औषध मारलं होतं. फिटरला पत्ताच नव्हता. मोडका कोपरा हातात धरून तो खाली जमिनीवर बसला म्हणे, आणि त्याला उठवायला दोघं लागले.

राखून ठेवलेले कोपरे मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः तपासले. काही अगदी सुरेख होते, काही तसलेच ओढलेले. मॅडमनी दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, आणि खाली स्वतःची सही केली. मॅनेजरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मास्तर शुद्धीवर आले, घरी गेले, पण पूर्वीसारखे चालते झाले नाहीत. ते त्या मंदावलेल्या मास्कमुळे की मुळातल्या दुखण्यामुळे, हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकला नाही. आरसेबाई त्यांना बघायला एकदा गेली होती. तिने आपण कोण ते सांगितलं. मास्तर म्हणाले, "बसा." ती बसली.

धाकट्याची नोकरी गेली. सुपरवायझरची वाचली. कॉइलचं तोंडी सांगितलं होतं, आणि सुपरवायझर म्हणाला, मला काही आठवत नाही. आरसेबाईने भावासाठी वरपर्यंत जाऊन भांडण केलं, पण उपयोग झाला नाही. जिच्यामुळे गेली तीच भांडतेय, म्हणून खाली लोक हसले.

भावजयीने बोलणं सोडलं. गल्लीच्या तोंडाशी समोरासमोर आल्या की ती पदर सावरून दुसऱ्या बाजूने जायची. "सख्ख्या भावाच्या ताटात माती कालवली," असं ती शेजारणीला म्हणाली, आणि शेजारणीने ते इमानेइतबारे पोचवलं. आरसेबाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. शिंपी मशीन थांबवून म्हणायचा, "रडायचं तर मोठ्याने रड. माझी मशीन चालू ठेवतो, कुणाला ऐकू जाणार नाही." कधी ती चिडायची, कधी रडता रडता हसायची.

"मी चुकले का?" तिने एकदा विचारलं.

शिंपी दोरा ओवत होता. "नाही. पण तो चुकला म्हणून तुझं दुखायचं थांबेल असं कुठंय?"

वर्ष तसंच गेलं. धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका काचेच्या कारखान्यात लागला. तिथेही भट्टीच. नोकरीसाठी जाताना त्याने जुन्या कारखान्यातलं सगळं सांगून टाकलं, असं तिच्या कानावर आलं. तिथला मालक म्हणाला होता, निदान कॉइल गेली तर हा सांगेल तरी.

मग एका रविवारी, शिंपी बाजारात गेलेला असताना, दार वाजलं. धाकटा, आणि त्याच्या बोटाला धरून त्याची लेक. पोरीचा एक दात पडला होता. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"हिला आत्याकडे यायचं होतं," तो म्हणाला. "हट्टच धरून बसली."

"मी नाही म्हटलं," पोरगी म्हणाली. "बाबाच म्हणाले."

आरसेबाईने पोरीला आत ओढून कडेवर घेतलं, ती आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती तरी.

"बायको नाही आली?" तिने भावाला विचारलं.

"नाही. तिला वेळ लागेल."

"लागू दे." ती स्वयंपाकघराकडे वळली, मग थांबली. "जेवलास?"

"नाही."

"मग चपला काढ की."

त्याने चपला काढल्या.